'70 वर्षांची परंपरा', पण कशाची? मल्हारगंजातली एक जुनी कलाली

मल्हारगंजकर

गेल्या रविवारी घरी पुण्याचे पाहुणे आणि नेमका गॅस संपला. मग सगळी वरात निघाली गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रेस्टॉरंटात. तसं ते नवीनच, दोनेक वर्षांचं. एसी आहे, बाळांसाठी उंच खुर्ची आहे, हात धुवायला गरम पाणी येतं. पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट' आणि खाली बारीक अक्षरांत '70 वर्षांची परंपरा'.

मेहुण्यांनी विचारलं, "दोन वर्षांत सत्तर वर्षांची परंपरा कसली हो?"

आमचे नाना 84 वर्षांचे. ऐकू कमी येतं म्हणून बोलतात मोठ्याने. हा प्रश्न मात्र त्यांना बरोबर ऐकू आला. "दारूची!" म्हणाले.

अख्खा हॉल वळून बघायला लागला. वेटर पाण्याचा जग घेऊन आत पळाला, बहुतेक हसून घ्यायला.

जुन्या इंदूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: ही आमच्या लहानपणची कलाली. रस्त्याच्या बाजूला जेमतेम आठ फुटी दुकान, पुढे लोखंडी जाळी, जाळीत एक हात जाईल एवढी खिडकी. पैसे आत, बाटली बाहेर. बाजूने एक बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. बोळ संपला की मागे अंगण. सिमेंटचे ओटे, पत्र्याचं छप्पर, मधोमध कडुनिंब, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि तिला साखळीने बांधलेला पेला. हा अहाता. आम्हा पोरांना तिथे जायची सक्त मनाई, त्यामुळे आत काय काय आहे ते आम्हाला पाठ होतं. चेंडू भिंतीवरून आत गेला की बोळाच्या तोंडाशी बसणारा चणेवाला तो आणून द्यायचा आणि वर "घरी सांगू का?" असं दटावायचा.

त्या रात्री घरी येऊन मी कागदांची पेटी काढली. आमच्या घराची दक्षिण भिंत म्हणजे त्या अहात्याची उत्तर भिंत, आणि खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. सगळ्यात जुना कागद होळकरशाहीतला, मोडीत. देवासच्या एका काकांकडून वाचून घेतला. त्यात दक्षिणेला 'कलालाची जागा' आहे. पुढचा कागद मध्यभारत राज्यातला, म्हणजे 1948 ते 1956 च्या मधला, हिंदीत; तिथे देशी शराबची दुकान. आजोबांनंतरच्या वाटणीपत्रात शासकीय देशी मदिरा दुकान, अहात्यासकट. भिंत तीच, विटा त्याच, शेजाऱ्याचं नाव मात्र प्रत्येक कागदात वेगळं. उद्या आम्ही घर विकलं तर लिहावं लागेल, दक्षिणेला फॅमिली रेस्टॉरंट.

यंदा आमच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि मला मोहल्ल्याच्या इतिहासावर चार पानं दिली आहेत. मी म्हटलं या जागेवर लिहितो. कमिटीत एकदम शांतता. मग एक जण म्हणाले, "गणपतीच्या स्मरणिकेत कलाली?" मी म्हटलं, मोहल्ल्यात देऊळ आहे, शाळा आहे, आखाडा आहे, त्या सगळ्यांवर तीन-तीनदा लिहून झालं. सगळ्यात जास्त माणसं रोज जिथे जात होती त्या जागेवर एक ओळ नाही.

तर मंडळी, ज्याला जे आठवतं ते लिहा. इंदूरच्या इतर अहात्यांचंही चालेल. नावं-गावं टाकू नका, त्यांची पोरंबाळं इथेच राहतात.

कोथरूडचा_पाहुणा

(मीच तो मेहुणा.) जेवण चांगलं होतं हे आधी नोंदवतो. पण अहाता म्हणजे नक्की काय? आमच्याकडे परमिट रूम असते, बार असतो, आणि आडवाटेला गुत्ता. अहात्याला बसून प्यायचं लायसन्स होतं की नव्हतं?

आबकारी_काका

पाहुणे, बसा. हा प्रश्न माझ्या घरचा आहे. आयुष्य या खात्यात गेलं, आता पेन्शन खातो.

लायसन्स होतं. मध्यप्रदेशात देशी दुकानाला लागून अहाता आणि विदेशी दुकानाला लागून शॉप बार, अशी सोय होती. दुकानवाल्याने जादा फी भरायची आणि शेजारच्या बंदिस्त जागेत गिऱ्हाइकाला बसू द्यायचं. बाटली दुकानातून विकत घेऊन जायची. अहात्यात फक्त बसायला जागा, पाणी, पेला आणि चखना. बारमध्ये पेग मोजून मिळतो, टेबलापाशी माणूस येतो, बिल येतं. अहात्यात कुणी येत नाही. आपली बाटली, आपला ओटा.

शब्दांची गंमत सांगतो. अहाता मूळचा अरबी, इहाता. म्हणजे वेढलेली, कुंपण घातलेली जागा. शाळेचाही अहाता असतो, कोर्टाचाही. तुमचा गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. जुन्या मराठीत कशाचाही गुत्ता असू शकायचा, पण शेवटी शब्द दारूलाच चिकटला. परमिट रूम मुंबई राज्याच्या दारूबंदीतून आली, परवाना दाखवून बसायची खोली. आमचं खातं आबकारी, फारसी आब म्हणजे पाणी आणि त्याचा कारभार. म्हणजे एक शब्द भिंतीचा, एक महसुलाचा, एक कागदाचा आणि एक पाण्याचा. दारूचं नाव कुणीच घेत नाही. उघड नाव होतं ते फक्त कलाली, कारण ते माणसावरून पडलं होतं. कलाल हा शब्द थेट संस्कृत कल्यपालातून आलेला.

होळकरशाहीत या भागातली दारू म्हणजे मोहाची. चैत्राच्या सुमारास फुलं गळतात, ती वाळवायची, पाण्यात आंबवायची, भट्टीवर चढवायची. संस्थान असो की इंग्रजी मुलूख, पद्धत साधारण एकच: विकायचा हक्क मक्त्याने द्यायचा, जो जास्त बोली लावेल त्याला. दारूबरोबर या माळव्यात अफूचाही तेवढाच मोठा हिशेब असायचा. मुंबईकडे जाणारी माळव्याची अफू इंदुरात काट्यावर चढायची आणि तिच्यावर जकात बसायची. मल्हारगंजाच्या जुन्या पेढ्यांना विचारा.

आज राज्यात जो कायदा चालतो तो मुळात 1915 चा आहे, मध्यप्रांताचा. राज्यं बदलली, भाषा बदलली, कलमं तीच. ठेक्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. पद्धती बदलत गेल्या, कधी लिलाव, कधी लॉटरी, कधी टेंडर, पण 31 मार्चच्या रात्रीची मजा बदलली नाही. ज्याचा ठेका जाणार तो माल फुंकून टाकायचा. त्या रात्री दुकानासमोर जी रांग लागायची ती मी ड्यूटीवर उभा राहून पाहिली आहे. लग्नघरचे लोक पोती घेऊन यायचे.

एक सांगायचं राहिलं. बाटलीवर '25 यूपी' लिहिलेलं पाहून एका शिकल्यासवरलेल्या गृहस्थाने मला विचारलं होतं, हा माल उत्तर प्रदेशातून येतो का? यूपी म्हणजे अंडर प्रूफ. 25 यूपी म्हणजे 42.8 टक्के अल्कोहोल. आमच्या इथे देशीत दोन जाती, प्लेन आणि मसाला. गिऱ्हाईक म्हणायचं सफेद आणि लाल. एवढ्यात सगळं आलं.

सराफा_रात्री_दोनला

काका, क्लास घ्या हो आमचा. कॉलेजात असं कुणी शिकवलं असतं तर एवढे बॅकलॉग राहिले नसते 🙏

मल्हारगंजकर

काका, शंभर नमस्कार. पण एक शंका. अहाता बंद झाला म्हणून दुकान गेलं, की दुकान गेलं म्हणून अहाता बंद झाला? आमच्या इथे दोन्ही एकदमच झाल्यासारखं वाटलं.

आबकारी_काका

अहाता बंद होणं आणि दुकान हलणं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच धोरणात आल्या. पण सुरुवात आधीची: 2022 च्या एप्रिलपासून देशी आणि विदेशी एकाच दुकानात विकायला परवानगी मिळाली, त्याला कंपोझिट दुकान म्हणतात. म्हणजे देशीची पाव बाटली घेणारा आणि महागडी बाटली घेणारा एकाच खिडकीपाशी. मग 2023-24 च्या धोरणात, 1 एप्रिल 2023 पासून, राज्यातले सगळे अहाते आणि शॉप बार बंद. त्याआधी वर्षभर उमा भारतींचं आंदोलन चाललं होतं, भोपाळच्या एका दुकानावर त्यांनी दगड मारला होता, ते आठवत असेल. त्याच धोरणात शाळा आणि देवळांपासूनचं अंतर 50 मीटरचं 100 मीटर झालं. तुमच्या गल्लीत शाळाही आहे आणि देऊळही, त्यामुळे दुकान मोठ्या रस्त्यावर पुढे सरकलं असणार. म्हणजे दारू बंद झाली नाही. बसायची जागा बंद झाली.

2025 पासून तर महेश्वर, उज्जैन, ओंकारेश्वर धरून 19 ठिकाणी दुकानंच बंद आहेत. ती घोषणा महेश्वरच्याच कॅबिनेट बैठकीत झाली, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या वर्षात. उज्जैनच्या काळभैरवाला नैवेद्य दारूचाच लागतो. तो भाविक बाहेरून घेऊन जातात. देवाला अहात्याचं धोरण लागू नाही.

परदेशीपुरा_लाइन_नं_3

मल्हारगंजची कलाली म्हणजे व्यापाऱ्यांच्या मुनिमांची, हमालांची, टांगेवाल्यांची. आमच्या बाजूची मिलवाल्यांची. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, सगळी आमच्याच पट्ट्यात. शिफ्ट सुटली की भोंगा व्हायचा आणि दहा मिनिटांत अहाता भरायचा. पगाराच्या दिवशी तर बाहेरच्या फुटपाथवरसुद्धा लोक बसलेले. आमचे वडील पीत नसत, पण जायचे, कारण युनियनची खरी मीटिंग तिथेच व्हायची. ऑफिसात जे बोलायचं ते कागदावर, आणि अहात्यात जे बोलायचं ते ठरायचं.

हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. त्यानंतर अहात्यात उधारीची वही आली, त्याआधी नव्हती. काही लोक सकाळीच येऊन बसायचे, कारण घरातून डबा घेऊन निघायची सवय होती आणि जायला जागा नव्हती. डबा तिथेच उघडायचे. मी स्वतः पाहिलं आहे.

मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे मिळाले ते 2023 च्या डिसेंबरात, 32 वर्षांनी. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अहाते बंद झाले होते. आमच्या गल्लीत एक जण म्हणाला, आता पैसे आले तर बसायला जागा नाही. तो हसत म्हणाला. ज्यांचे पैसे होते त्यातले कितीतरी तोवर वर गेलेले.

मांजलपूरची_मीनल

बडोद्याहून हजेरी लावते. माहेर इंदूर, रामबाग.

आमच्याकडे या धाग्याला उत्तर म्हणून काहीच नाही 😄 बडोदा संस्थान 1 मे 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि पाठोपाठ मुंबई राज्याची दारूबंदी आली. 1960 ला गुजरात झाला तो कोरडाच. म्हणजे आमच्याकडे जुन्या पिठ्यांची रेस्टॉरंटं झाली असतील तर ती पंचाहत्तर वर्षांपूर्वीच झाली. सासूबाईंच्या आजोबांच्या तोंडी एका नाक्याचं जुनं नाव होतं, ते ऐकून मी विचारलं तिथे काय होतं. सासूबाई म्हणाल्या, "काही नव्हतं." ज्या आवाजात म्हणाल्या, त्यावरून काय होतं ते कळलं.

सरदार घराण्यांतल्या काही वृद्धांकडे हेल्थ परमिटचं पुस्तक असतं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटावर दारू मिळते. त्यामुळे आमच्याकडे दारू पिणारा माणूस कागदोपत्री आजारी असतो.

लेस्टरचा_इंदोरी

मी इथे वीस वर्षं आहे आणि गेल्या वीस वर्षांत माझ्या घराजवळचे चार पब गेले. एकात आता तंदूर आहे, एकात फर्निचरचं दुकान, एक फ्लॅट्समध्ये वाटला गेला, एकाला फळ्या ठोकल्या आहेत.

तुमच्या काकांनी सांगितलं तशीच इथेही सरकारची कृपा. 1830 च्या कायद्याने कुणीही कर भरणारा माणूस दोन गिनी भरून आपल्याच घरात बिअर विकू शकत होता. हेतू काय, तर लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी. मग दर कोपऱ्यावर पब झाला. घराच्या पुढच्या खोलीत बाक टाकले की झाला पब. म्हणूनच इथले जुने पब घरासारखे दिसतात आणि म्हणूनच त्यांचं रेस्टॉरंट करणं सोपं जातं, स्वयंपाकघर मागे असतंच. पडझड सुरू झाली त्याची कारणं बरीच: सुपरमार्केटात स्वस्त मिळणारी बिअर, जागांचे भाव, आणि 1 जुलै 2007 पासून इंग्लंडमध्ये आत सिगारेट ओढायला बंदी.

साउथॉलला ग्लासी जंक्शन नावाचा पब होता. तिथे बिअरचे पैसे भारतीय रुपयांत देता यायचे. आम्ही मुद्दाम शंभराची नोट घेऊन गेलो होतो. तिथे आता दक्षिण भारतीय रेस्टॉरंट आहे. डोसा खाल्ला, पैसे पौंडात दिले.

कोथरूडचा_पाहुणा

शंभर रुपयांत किती बिअर आली ते सांगितलं नाहीत.

लेस्टरचा_इंदोरी

फोटो काढण्यापुरती.

निनावी_इंदूर

सगळे मजेत लिहीत आहेत म्हणून लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे वडील त्याच अहात्यात बसायचे. रोज. कडुनिंबाखालचा ओटा त्यांचा होता, तिथे दुसरा कुणी बसला तर वाद व्हायचे. नोकरी गेली, मग आईचे दागिने गेले, मग घराचा वरचा मजला भाड्याने गेला. 52 व्या वर्षी यकृताने गेले. तेराव्याला अहात्यातले सात-आठ जण आले होते, अगदी व्यवस्थित, पांढरे कपडे घालून. त्यातल्या एकाने आईच्या हातात पाकीट दिलं. आईने ते परत केलं.

अहाता बंद झाला त्या दिवशी आम्ही घरी काही बोललो नाही. आईने संध्याकाळी शिरा केला. तेवढंच.

तुम्ही इतिहास लिहा, माझी ना नाही. पण 'ती मजा', 'तो जमाना' असं लिहू नका.

मल्हारगंजकर

दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये चेंडू आहे, चणेवाला आहे, नानांचा विनोद आहे. हे नाही. भिंतीच्या या बाजूला राहिल्यामुळे असेल, आम्हाला फक्त आवाज येत होते.

तुमची हरकत नसेल तर हे स्मरणिकेत येईल. नाव अर्थातच नाही. शिऱ्यापर्यंत.

निनावी_इंदूर

चालेल. शिरा राहू द्या.

सराफा_रात्री_दोनला

विषय जरा हलका करतो, दादांची माफी मागून. चखन्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! कांदा-काकडीवर जीरावण मसाला आणि लिंबू. उकडलेलं अंडं मधून चिरून त्यात परत जीरावण. लसणाची तिखट सेव. मुगाच्या गरम मंगोड्या. आता त्याच मंगोड्यांना मेनूकार्डात स्टार्टर म्हणतात आणि सोबत तीन रंगांच्या चटण्या. चव तीच आहे का, हा माझा अभ्यासाचा विषय आहे. सॅम्पल वाढवावं लागेल.

मल्हारगंजकर

चव तीच आहे. का तीच आहे, त्याचा शोध आज लागला.

दुपारी गर्दी नसताना गेलो आणि मालकाशी बोललो. मला वाटलं होतं जुन्या ठेकेदाराच्या घरातला कुणीतरी असेल, किंवा बाहेरून आलेला. दोन्ही चूक. तो त्या चणेवाल्याचा नातू आहे! आम्हाला चेंडू आणून द्यायचा तोच चणेवाला.

त्याचं म्हणणं असं. आजोबा बोळाच्या तोंडाशी टोपली घेऊन बसायचे, चणे, शेंगदाणे, सेव. मग वडिलांनी आत अहात्यात स्टोव्ह मांडला, मंगोड्या आणि अंडी सुरू केली. दुकानाचा ठेका दर एक-दोन वर्षांनी फिरायचा, नवा ठेकेदार, नवी माणसं, नवा गल्ला. चखन्याचं मात्र कुणी बदललं नाही, कारण गिऱ्हाईक त्यावरच टिकायचं. "ठेका सरकार देती थी, चखना हम देते थे," असं म्हणाला. 2023 च्या 31 मार्चला शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी दुकान पुढे गेलं आणि अंगण रिकामं. कढई होती, कारागीर होते, जागा पडून होती. जागामालकाशी भाडं ठरवलं, गुमास्ता काढला, खाद्यपरवाना काढला, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. पाटीवरची सत्तर वर्षं आजोबांच्या टोपलीपासून मोजलेली आहेत.

म्हणजे पाटी खरी आहे आणि आमचे नाना खोटे पडले. त्यांना घरी येऊन सांगितलं. म्हणाले, "चणे कुणाबरोबर खायचे लोक?" नानांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण मला हे पटलं. आम्ही सगळे जागेचा इतिहास म्हणजे दारूचा इतिहास असं धरून बसलो होतो. कलाल गेले, ठेकेदार आले-गेले, कायद्याने भट्टी गावाबाहेर नेली, पिणारे संपले किंवा घरी प्यायला लागले. त्या अंगणात सलग राहिलं काय, तर कढई. आणि तिची नोंद माझ्या एकाही खरेदीखतात नाही, कारण टोपली घेऊन बसणाऱ्याची चतुःसीमा नसते.

इमारतीचं सांगायचं तर बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचं आठ फुटी दुकान बरंचसं त्यातच गेलं. (1918 साली पॅट्रिक गेडीस यांनी इंदूरचा आराखडा केला. जुन्या वस्तीत सरसकट पाडापाडी नको, नडतं तेवढंच काढा, असा त्यांचा आग्रह होता. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) बोळ आहे, त्याला आता दिवे लावलेत. कडुनिंब आहे. त्याच्याभोवती गोल काउंटर केला आहे आणि वर स्लॅबमध्ये खोडापुरती जागा सोडली आहे. पावसाळ्यात तिथून पाणी गळतं, तेव्हा खाली बादली. ओटे तोडले. दादा, तुम्हाला हे सांगायला हवं म्हणून मुद्दाम विचारलं: ओटे सगळे तोडले.

आणि जाळीची खिडकी त्याने ठेवली आहे. पार्सल काउंटरला तीच लावली आहे, वेगळा रंग देऊन.

आबकारी_काका

नातवाचं वाक्य माझ्या अख्ख्या नोकरीपेक्षा भारी आहे. दर तपासणीला मी त्या अंगणात जाऊन स्टॉक मोजत होतो, बाटल्या, सील, रजिस्टर. चणेवाल्याला मी फक्त "बाजू हो" म्हटलेलं आहे. आणि त्याने दिलेले चणे खाल्लेले आहेत. पैसे दिल्याचं आठवत नाही.

सुधाताई_लोकमान्यनगर

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण मालक चणेवाल्याचा नातू आहे हे वाचलं आणि राहवलं नाही.

सगळे पुरुष लिहीत आहात म्हणून एक गोष्ट कुणाला जाणवली नाही. त्या बोळात बायका जात नव्हत्या. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. (लेस्टरच्या भावांना माहीत असेल, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल विनो नावाच्या जागेत बायकांना काउंटरवर उभं राहून वाइन मिळत नसे, त्यावर खटला झाला आणि 1982 साली निकाल बायकांच्या बाजूने लागला. माझी मुलगी वकील आहे, तिने सांगितलं.) आमच्याकडे कोर्टात जायचा प्रश्न नव्हता. आम्हाला आत जायचंच नव्हतं. आम्हाला आतला माणूस बाहेर हवा होता.

आम्ही तेव्हा मल्हारगंजात राहायचो. एक तारखेला संध्याकाळी आई मला घेऊन बोळाच्या तोंडाशी जायची. पदर डोक्यावर, तोंड रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की टांग्याची वाट बघतो आहोत. चणेवाल्याला ती काही विचारायची नाही. तो टोपली उचलायचा, आत एक फेरी मारून यायचा आणि मला म्हणायचा, "हैं" किंवा "नहीं हैं". हैं म्हणाला तर आम्ही थांबायचो. थांबेपर्यंत माझ्या हातात चण्यांची पुडी, वर्तमानपत्राच्या कागदाची, वर चिमूटभर जीरावण. त्याने कधी पैसे घेतले नाहीत आणि आईने कधी देऊ केले नाहीत. दोघांचं काय ठरलं होतं देव जाणे. पगार निम्मा तरी घरी यायचा तो त्या फेरीमुळे.

आज गेले होते. एकटीच, रिक्षा करून. 67 वर्षांत पहिल्यांदा तो बोळ ओलांडला. आत बायकांचाच मोठा ग्रुप बसला होता, कुणाचा तरी वाढदिवस, केक, टाळ्या. मी झाडापाशी बसले आणि चणे मागवले. वाटीत आले, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. चव बरोबर होती, मीठ जरा जास्त. गल्ल्यावर तो मुलगा होता. त्याला आजोबांचं काही सांगितलं नाही, सगळ्यांसमोर काय सांगणार. एवढंच विचारलं, की पुडीत बांधून देशील का.

म्हणाला, "अम्मा, पुड़िया तो पार्सल में ही मिलेगी."

मग पार्सल सांगितलं आणि बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिले.